नेटवर्कवरून इन्स्टॉलेशन: चाळीसपैकी पाच-सहा मशिनं दर वेळी का अडकतात

चाळीस मशिनांची लॅब. सर्व्हर लावला, सगळी मशिनं नेटवर्कवरून उठवली, तासाभरात चौतीस मशिनांवर उबुंटू आपोआप चढलं. उरलेली सहा काळा पडदा दाखवत बसली. शाळा-कॉलेजांच्या लॅब लावताना हे चित्र मी इतक्या वेळा पाहिलंय, की आता सर्व्हरच्या आधी पिशवीत बटण सेलची पट्टी आणि दोन चांगल्या केबली टाकतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. टीपीएम २.० (सुरक्षा चिप) नसलेल्या जुन्या मशिनांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, त्यामुळे अनेक लॅब लिनक्सकडे वळतायत आणि हीच अडचण विचारणारे फोन वाढलेत. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतो. माझी मांडणी अशी आहे: नेटवर्कवरून मशीन उठवायला पीएक्सई, पत्ते आणि बूट फाइल द्यायला डीएनएसमास्क, प्रश्न न विचारता इन्स्टॉल करायला उबुंटू २४.०४ चं ऑटोइन्स्टॉल आणि नंतर सगळ्या मशिनांवर एकदम सॉफ्टवेअर चढवायला अ‍ॅन्सिबल. तुमची साधनं वेगळी असली तरी पहिल्या निम्म्या तपासण्या जशाच्या तशा लागू पडतील.

आधी लक्षण ओळखा

मशीन अडलं की पहिली चूक सगळेच करतात: सर्व्हरवर जाऊन स्क्रिप्ट बदलायला लागतात. चौतीस मशिनांवर चाललेली स्क्रिप्ट पस्तिसाव्यासाठी चुकीची होत नाही. आधी मशीन कुठल्या पायरीवर थांबलं ते बघा. संदेश दोन सेकंदांत निघून जातो, त्यामुळे मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि थांबवून वाचा.

पहिल्या पायरीवरची लक्षणं पीएक्सईच्या क्रमांकांतून कळतात. ई६१ म्हणजे केबलच लागलेली दिसत नाही. ई५१, किंवा यूईएफआय मशिनांवर (ज्यांत जुन्या बायोसच्या जागी ही नवी पद्धत असते) ई१६, म्हणजे हाक मारली पण नेटवर्कवरचा पत्ता द्यायला कुणी पुढे आलं नाही. ई५३ म्हणजे पत्ता मिळाला, पण पुढे कुठली फाइल उचलायची ते कुणी सांगितलं नाही. ई३२, किंवा यूईएफआयवर ई१८, म्हणजे फाइल मागितली आणि सर्व्हर गप्प राहिला. क्रमांक वगैरे काही न येता मशीन सरळ जुनं विंडोज उघडत असेल, तर ते नेटवर्ककडे वळलेलंच नाही.

दुसऱ्या पायरीवर कर्नल (लिनक्सचा गाभा) उतरतो, पण इन्स्टॉलर भाषा विचारत बसतो, किंवा डिस्क दिसत नाही म्हणतो, किंवा डिस्क रिकामी असतानाही जागा संपल्याचं सांगतो. तिसऱ्या पायरीवर इन्स्टॉलेशन पूर्ण होतं आणि मग दोन मशिनं एकाच पत्त्यावरून भांडतात, किंवा निम्मीच सॉफ्टवेअर चढलेली असतात.

ही पायरी कागदावर मशीन क्रमांकासमोर लिहा. सहाच्या सहा एकाच पायरीवर अडली असतील तर दोष बहुधा एकच आहे. वेगवेगळ्या पायऱ्यांवर असतील तर प्रत्येकाकडे स्वतंत्र बघावं लागेल.

केबल: पैसे शून्य, वेळ दोन मिनिटं

मागच्या लॅन पोर्टचे दिवे बघा. दिवाच नसेल तर शेजारच्या चालू मशीनची केबल काढून इथे लावा. चाललं तर दोष केबलचा किंवा स्विचच्या त्या पोर्टचा. मग तीच जुनी केबल स्विचच्या दुसऱ्या पोर्टात लावली की दोघांतलं कोण ते कळतं.

दिवा लागलाय म्हणजे केबल चांगली, असं मात्र धरू नका. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. एखादी जोडी उंदराने कुरतडलेली किंवा क्रिम्पिंगमध्ये अर्धवट बसलेली असेल तर मशीन १०० वर उतरून चालत राहतं, आणि इन्स्टॉलेशन इतकं रेंगाळतं की अडकल्यासारखंच वाटतं. हळू चालणाऱ्या मशीनची केबलही बदलून बघाच.

बटण सेल

जून महिन्यातल्या निम्म्या तक्रारी या एका सेलने मिटतात. उन्हाळी सुट्टीत लॅबचा मेन स्विच बंद करतात, आणि ते योग्यच आहे. पण मशीनला वीज असते तेव्हा घड्याळ एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) स्टँडबाय विजेवर चालतं. मेन बंद झाला की सगळा भार मदरबोर्डवरच्या सीआर २०३२ सेलवर येतो. सात-आठ वर्षांच्या मशीनमधला मूळचा सेल दोन महिन्यांत तळ गाठतो.

सेल संपला की दोन गोष्टी घडतात आणि दोन्ही इन्स्टॉलेशन पाडतात. एक, बायोसच्या सेटिंग कारखान्यातल्या मूळ स्थितीवर जातात, म्हणजे तुम्ही गेल्या वर्षी चालू केलेलं नेटवर्क बूट पुन्हा बंद होतं. दोन, तारीख कित्येक वर्षं मागे जाते. नेटवर्क बूटला तारखेशी देणं-घेणं नसतं, त्यामुळे कर्नल उतरतो, इन्स्टॉलर सुरू होतो आणि पॅकेज आणायच्या वेळी कोसळतो, कारण मशीनच्या हिशेबाने उबुंटूच्या पॅकेज भांडाराची यादी अजून प्रसिद्धच झालेली नसते आणि सुरक्षा प्रमाणपत्रंही पुढच्या काळातली असतात. पडद्यावर येणारा संदेश भांडाराला दोष देतो, त्यामुळे माणूस इंटरनेट तपासत बसतो. माझा यात एकदा अख्खा दिवस गेला होता. तेव्हापासून अडलेल्या मशीनवर मी केबलनंतर लगेच बायोसमधली तारीख बघतो.

सेल बदलताना मशीनची वायर बोर्डमधून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. एका मशीनचा सेल गेला असेल तर त्याच खरेदीतल्या सगळ्यांचे एकदमच बदला.

बायोसच्या सेटिंग

सेल बदलला की इथे यावंच लागतं. यूईएफआयमध्ये 'नेटवर्क स्टॅक' नावाची सेटिंग असते, ती चालू हवी आणि तिच्या आतलं आयपीव्ही४ पीएक्सईसुद्धा. जुन्या बोर्डांवर 'लॅन ऑप्शन रॉम' चालू करावं लागतं. फास्ट बूट बंद करा, कारण वेळ वाचवायला ते कित्येकदा नेटवर्क कार्डला जागंच करत नाही. साटा मोड (डिस्क जोडण्याची पद्धत) आरएआयडी किंवा आरएसटी असेल तर एएचसीआय करा. डिस्क दिसत नाही या तक्रारीचं सर्वांत सामान्य कारण तेच असतं. मात्र त्या मशीनवर विंडोज ठेवायचं असेल तर हा मोड नुसता बदलू नका, विंडोज उठणार नाही.

सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर उठू देणारी सेटिंग) चालू असेल तर सही नसलेला आयपीएक्सई लोडर (पीएक्सईचा पर्यायी बूट प्रोग्राम) नाकारला जातो. उबुंटूचा सही असलेला शिम आणि नेटवर्कचा ग्रब हे बूट प्रोग्राम वापरलात तर सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही. लॅबपुरतं मी हेच करतो. चाळीस मशिनांवर एकेक सेटिंग बदलण्यापेक्षा सर्व्हरवर एकदाच फाइल बदलणं सोपं.

मूळ लॅन पोर्ट विजेने जळालाय म्हणून वेगळं कार्ड बसवलेलं मशीनही एखादं असतं. स्वस्त कार्डावर बूट रॉम नसतो, तिथे बायोसमध्ये काहीही केलं तरी नेटवर्क बूटचा पर्याय येणार नाही. आयपीएक्सईचा पेनड्राइव्ह करून त्यावरून उठवा, पुढचं सगळं नेहमीसारखं होतं.

लॅबमधला दुसरा राउटर

ई५३ दिसला की मी सर्व्हरकडे न जाता आधी खोलीत फिरतो. कुणीतरी मोबाइलला वायफाय मिळावं म्हणून घरचा राउटर आणून स्विचला जोडलेला असतो, तोही बहुतेक वेळा लॅनच्या पोर्टात. आता लॅबमध्ये पत्ते वाटणारे (डीएचसीपी सर्व्हर) दोघं झाले. मशीन कधी याचा पत्ता घेतं, कधी त्याचा, आणि घरच्या राउटरला बूट फाइलची काहीच माहिती नसते. म्हणूनच हा दोष आज या मशीनवर तर उद्या त्या मशीनवर दिसतो. ठरावीक मशिनं न अडता रोज वेगळी अडत असतील, तर मनात पहिला संशय दुसऱ्या डीएचसीपीचा यायला हवा.

खात्री करायला कुठल्याही लिनक्स मशीनवरून एनमॅप या नेटवर्क तपासायच्या साधनातली ब्रॉडकास्ट-डीएचसीपी-डिस्कव्हर ही स्क्रिप्ट चालवा. किती जण उत्तर देतात आणि कुठल्या पत्त्यावरून, ते दिसतं. संस्थेचा मुख्य राउटर बदलायची परवानगी नसेल तर डीएनएसमास्क प्रॉक्सी मोडमध्ये चालवा. पत्ता राउटर देतो, बूट फाइलचं नाव तेवढं आपला सर्व्हर सांगतो, आणि दोघं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

याच प्रकारातला दुसरा दोष म्हणजे पत्त्यांचा साठा संपणं. चाळीस मशिनांना पन्नास पत्ते पुरतील असं वाटतं, पण तसं होत नाही. पीएक्सई, इन्स्टॉलर आणि बसलेली सिस्टीम डीएचसीपीला आपली ओळख वेगवेगळी सांगू शकतात, त्यामुळे एक मशीन दोन-तीन पत्ते अडवून बसतं. पहिली वीस-पंचवीस मशिनं व्यवस्थित होऊन नंतरच्या प्रत्येकावर ई५१ यायला लागला, तर हेच. साठा दीडशे-दोनशेचा करा आणि इन्स्टॉलेशनच्या दिवसापुरती लीजची (दिलेला पत्ता राखून ठेवण्याची) मुदत तासाभरावर आणा.

स्विच

पीएक्सईची हाक चार वेळा जाते, ४, ८, १६ आणि ३२ सेकंदांच्या प्रतीक्षेने, म्हणजे एकूण मिनिटभर. मॅनेज्ड (सेटिंग करता येणाऱ्या) स्विचवर स्पॅनिंग ट्री (केबलींचं वर्तुळ होऊ नये म्हणून स्विच करतो ती तपासणी) जुन्या पद्धतीने चालू असेल तर केबल जागी झाल्यावर पोर्ट ३० सेकंद वाहतूक अडवून धरतो. मध्येच कार्ड पुन्हा सुरू झालं तर ते ३० सेकंद पुन्हा मोजले जातात आणि मशीन थकून ई५१ देतं. लगेच दुसरा प्रयत्न केला तर कधीकधी चालतं, त्यामुळे दोष पकडायला अवघड जातो.

पासवर्ड हातात नसतानाही याची परीक्षा करता येते. मशीन आणि मॅनेज्ड स्विच यांच्यामध्ये साधा पाच पोर्टांचा स्विच लावा. मशीन बंद-चालू झालं तरी मोठ्या स्विचचा पोर्ट जागाच राहतो. एवढ्याने मशीन उठलं तर दोष सापडला. कायमचा उपाय म्हणजे त्या पोर्टांवर पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट (ही वाट बघणं टाळणारी सेटिंग) लावणं. ते काम स्विच ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडून करून घ्या.

आता सर्व्हर

इथवर सगळं ठीक निघालं तरच सर्व्हरसमोर बसा. टीसीपीडम्प (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं साधन) लावून ६७, ६८, ६९ आणि ४०११ हे यूडीपी पोर्ट बघत राहा आणि अडलेलं मशीन चालू करा. हाक दिसतच नसेल तर दोष वाटेत आहे. हाक आणि उत्तर दोन्ही दिसून फाइलची मागणी येत नसेल, तर सांगितलेलं नाव चुकलंय. मागणी येऊनही मशीनला फाइल मिळत नसेल तर सर्व्हरची फायरवॉल, किंवा फाइलच्या परवानग्या.

जुन्या-नव्या मशिनांची सरमिसळ असलेल्या लॅबमध्ये बायोसला एक बूट फाइल लागते आणि यूईएफआयला दुसरी. मशीन आपला प्रकार डीएचसीपीच्या ९३ क्रमांकाच्या पर्यायात सांगतं: ० म्हणजे जुना बायोस, ७ किंवा ९ म्हणजे ६४ बिटांचं यूईएफआय. डीएनएसमास्कमध्ये ७ आणि ९ दोन्हींची नोंद करा. फक्त ७ लिहिलं तर ९ सांगणारी मशिनं बाहेर राहतात.

उत्तरांची फाइल

इन्स्टॉलर भाषा विचारायला लागला म्हणजे त्याला यूजर-डेटा (प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली) फाइल मिळाली नाही किंवा वाचता आली नाही. पहिली ओळ हॅशच्या चिन्हाने सुरू होणारी क्लाउड-कॉन्फिगचीच (#cloud-config) हवी. वायएएमएल असल्याने टॅब चालत नाही, स्पेसच हवा. शेजारी मेटा-डेटा नावाची फाइल असलीच पाहिजे, रिकामी चालेल. आणि ग्रबमधून नोक्लाउडचा पत्ता (ही फाइल कुठे आहे ते सांगणारा) देत असाल तर त्यातल्या अर्धविरामाला अवतरणात ठेवा, नाहीतर ग्रब तिथेच ओळ संपली असं समजतो आणि पुढचा पत्ता गळून पडतो. या अर्धविरामाने मला जितकं छळलंय तितकं दुसऱ्या कशानेच नाही, कारण फाइल उघडून बघितली तर सगळं बरोबरच दिसतं.

रॅम कमी पडणं

हे लक्षण फार फसवं आहे. आयएसओचा (इन्स्टॉलेशन डिस्कच्या फाइलचा) पत्ता देऊन नेटवर्कवरून उठवलं की उबुंटू सर्व्हरचा अख्खा आयएसओ, सुमारे अडीच-तीन जीबी, मशीनच्या रॅममध्ये उतरतो. ८ जीबीच्या मशीनला काही फरक पडत नाही. ४ जीबीचं मशीन जागा उरली नाही म्हणून थांबतं. लोक ते डिस्कबद्दल समजतात, फॉरमॅट मारतात, डिस्क बदलतात. खरं तर डिस्कला अजून हातही लागलेला नसतो.

उपाय दोन. शेजारच्या मशीनची रॅम पट्टी तात्पुरती लावा, तीन-चार मशिनांपुरतं हे पुरे. जास्त असतील तर आयएसओ सर्व्हरवर उघडून एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर वाटण्याच्या पद्धतीने) द्या, म्हणजे लागेल तेवढाच भाग नेटवर्कवरून वाचला जातो आणि ४ जीबी पुरतात.

वेगाचा हिशेबही इथेच करून ठेवा. ३ जीबी गुणिले चाळीस म्हणजे १२० जीबी. जुन्या १०० एमबीपीएसच्या स्विचवर ते वाहून न्यायलाच पावणेतीन तास लागतात, गिगाबिटवर वीस मिनिटांच्या आत. स्विच जुना असेल तर आठ-आठची तुकडी करा. एकदम चाळीस लावलीत तर काही मशिनं वाट बघून सोडून देतात आणि तो नवाच दोष वाटतो.

प्रत्येक वेळी वेगळ्या जागी अडत असेल तर

एकाच ठिकाणी अडणारं मशीन सेटिंगकडे बोट दाखवतं. एकदा ३० टक्क्यांवर, एकदा ७० टक्क्यांवर, एकदा फाइल खराब असल्याचं सांगून थांबणारं मशीन रॅमकडे. पट्टी काढा, सोनेरी दात खोडरबरने हलके पुसा, पुन्हा घट्ट बसवा, मग मेमटेस्ट (रॅमची चाचणी) किमान एक पूर्ण फेरी चालू द्या. रॅम निर्दोष निघाली तर स्मार्टसीटीएल या साधनाने डिस्कची तब्येत बघा. ५ (बदललेल्या खराब जागा) आणि १९७ (संशयित जागा) या क्रमांकांपुढची मूळ संख्या शून्याच्या वर गेली आणि वाढत असेल, तर ती डिस्क लॅबमध्ये ठेवू नका.

इन्स्टॉल झाल्यावरचे घोळ

एक मशीन तयार करून क्लोनझिलाने (डिस्कची नक्कल करणाऱ्या साधनाने) बाकीच्यांवर उतरवत असाल तर डिस्कची प्रतिमा घेण्याआधी मशीन-आयडीची फाइल रिकामी करा. पुसू नका, रिकामी करा. तीच आयडी सगळीकडे गेली तर सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा चालवणारा भाग) डीएचसीपीला सगळीकडून एकच ओळख सांगतो आणि राउटर सगळ्यांना एकच पत्ता देतो. एसएसएचच्या (दूरून मशीनमध्ये शिरण्याच्या सेवेच्या) होस्ट चाव्याही काढून टाका, त्या प्रत्येक मशीनवर नव्या व्हायला हव्यात.

अ‍ॅन्सिबल पहिल्याच फेरीत कुलूप मिळालं नाही म्हणत असेल तर काहीही बिघडलेलं नाही. नुकतंच उठलेलं उबुंटू स्वतःचे अपडेट घेत असतं आणि तोवर डीपीकेजी (पॅकेज बसवणारा प्रोग्राम) दुसऱ्याला हात लावू देत नाही. क्लाउड-इनिट (पहिल्यांदा उठताना मांडणी करणारी सेवा) संपेपर्यंत थांबा आणि कुलपासाठीची प्रतीक्षा ६० सेकंदांवरून दहा मिनिटांवर न्या. ते कुलूप हाताने पुसायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, अर्धवट बसलेली पॅकेजं निस्तरायला जास्त वेळ जातो. पुन्हा इन्स्टॉल केलेल्या मशीनची होस्ट चावी बदलते, त्यामुळे जुनी नोंद काढल्याशिवाय अ‍ॅन्सिबल आत शिरणार नाही.

पॅकेजांसाठी सर्व्हरवर एपीटी-कॅशर-एनजी बसवा, पोर्ट ३१४२. पहिलं मशीन इंटरनेटवरून आणतं, बाकीची आपल्याच सर्व्हरवरून. मराठी शाळेची लॅब असेल तर आयबस-एम१७एन (भारतीय भाषांच्या टायपिंगचं साधन), देवनागरी फाँट आणि इनस्क्रिप्टची मांडणी याच यादीत टाका. शिक्षक पहिल्याच दिवशी मराठी टायपिंग उघडून बघतात, आणि ते त्यांना लगेच चाललेलं दिसावं असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट आजच करा

नेटवर्कवरून उठलेल्या प्रत्येक मशीनवर आपोआप इन्स्टॉलेशन सुरू होईल अशी मांडणी ठेवू नका. ऑटोइन्स्टॉल डिस्क पुसतं आणि विचारत नाही. एका ठिकाणी लॅब आणि कार्यालय एकाच नेटवर्कवर होते. कार्यालयातल्या मशीनचा सेल गेला, बूटचा क्रम बदलला, आणि प्रवेशाच्या याद्या असलेलं ते मशीन नेटवर्कवरून उठलं. केबल वेळेवर ओढली म्हणून वाचलं. तेव्हापासून माझ्या मेनूत आपोआप निवडला जाणारा पर्याय स्वतःच्या डिस्कवरून उठण्याचा असतो, इन्स्टॉलेशन फक्त मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) यादीत असलेल्या मशिनांवरच चालतं, आणि काम संपलं की मी पीएक्सईची सेवा बंद करून निघतो.

कुठे थांबायचं

मशीनच्या पत्र्याला किंवा लॅन केबलच्या टोकाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच थांबा, मेन बंद करा आणि वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या. तिथून पुढे ते काम आपलं नाही. मुलं त्याच मशिनांवर बसणार आहेत. एसएमपीएस उघडू नका, वायर काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये भार राहतो.

चुकीची डिस्क पुसली गेली असं लक्षात आलं तर त्याच क्षणी वीज बंद करा. शटडाउन करत बसू नका आणि मोफत रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर बसवू नका, प्रत्येक नवीन लेखन जुनी फाइल कायमची घालवतं. डिस्क काढून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या. टिकटिक आवाज करणाऱ्या डिस्कलाही हाच नियम.

केबल, सेल, बायोस, रॅम आणि वेगळा पोर्ट एवढं करूनही एखादं मशीन पहिल्याच पायरीवर अडत असेल, तर पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल करा आणि मदरबोर्डसाठी हार्डवेअरवाल्याकडे पाठवायच्या यादीत टाका. एका मशीनसाठी मी दोन तासांपेक्षा जास्त देत नाही. बाकी एकोणचाळीस मशिनांवर तास सुरू करायचा असतो.